लेकरांशी अर्धंमुर्धं बोलू नका

चामटोली, कासगाव आणि बदलापूर-वांगणी पट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांतले, चाळींतले, नव्या इमारतींतले आईबाबा, आजीआजोबा, अंगणवाडीच्या ताई आणि पाळणाघर चालवणाऱ्या मावश्या, सर्वांना एक विनंती.

येत्या जूनमध्ये ज्यांचं मूल पहिल्यांदा अंगणवाडीत, बालवाडीत किंवा नर्सरीत जाणार आहे, त्यांनी हे पत्र आजच वाचावं आणि वाचून झालं की शेजारच्या घरात द्यावं. मागणं एकच आहे. जी भाषा तुम्हाला विचार न करता येते, ती मुलाशी बोलणं थांबवू नका. थांबवली असेल तर आज रात्रीच्या जेवणापासून पुन्हा सुरू करा. शाळेची भाषा आणि रस्त्यावरची भाषा तिच्या जोडीला येऊ द्या, आल्याच पाहिजेत. मूल दोन भाषा सहज पेलतं. त्याला पेलत नाही ते दोन अर्ध्या भाषांचं ओझं.

घाई एवढ्यासाठी, की घरची भाषा सोडायचा निर्णय बहुतेक घरांत कोणी घेतच नाही, तो आपोआप होऊन जातो. प्रवेशाची धावपळ सुरू होते. एखाद्या शाळेत पालकांनाच समोर बसवून विचारतात, घरी काय बोलता? उत्तर ऐकून समोरच्या बाई गोड आवाजात सुचवतात, ‘थोडं इंग्लिशमध्ये बोलत जा, म्हणजे त्याला जड जाणार नाही.’ आईबाबा घरी येतात आणि त्या संध्याकाळपासून पाण्याचं ‘वॉटर’ होतं, कुत्र्याचा ‘डॉगी’ होतो. ‘हँड वॉश कर, मग बनाना फिनिश कर, मग स्लीपी करायचं.’ याला इंग्रजी म्हणायचं कसं? इंग्रजीतली पाचपन्नास नामं आणि मराठीतलं एक ‘कर’, एवढ्यावर संसार चालतो. एक ना धड, भाराभर चिंध्या.

मुलाला भाषा वस्तूंची नावं घोकण्यासाठी लागत नाही. ‘का?’ विचारायला लागते. ‘काल’ आणि ‘उद्या’ वेगळे करायला, ‘तू दिलंस तर मी देईन’ असा सौदा करायला, खोटं बोलायला आणि ते पकडलं गेल्यावर सारवासारव करायला लागते. रागवणं, चिडवणं, समजूत काढणं, भुताची गोष्ट सांगून घाबरवणं आणि मग हसवणं, हे सगळं बहुतेक आईबापांना एकाच भाषेत नीट जमतं. कुणाला ती मराठी असेल, कुणाला आगरी, कुणाला कातकरी, कुणाला भोजपुरी, गुजराती किंवा तेलुगू. आपल्याला जे इंग्रजी येत नाही ते मुलाला पाजायला बसलो तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून यायचं? इंग्रजी त्याने जरूर शिकावं, चांगलं शिकावं. ज्याला ते येतं त्याच्याकडून शिकावं.

परवा किराणा दुकानात पाहिलेलं सांगते. तीन-साडेतीन वर्षांची पोर आईचं बोट धरून उभी होती. कोथिंबिरीच्या जुडीकडे बोट दाखवून म्हणाली, ‘मम्मा, ये क्या है?’ शेजारी उभ्या असलेल्या गावातल्या म्हातारीने कौतुकाने सांगितलं, ‘कोथमीर हाय ती. कवरी मोठी झाली गं तू!’ पोर म्हातारीकडे बघेना, आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आई म्हणाली, ‘आजी को हाय बोलो.’ आई नागोठण्याची, बाप सांगलीचा, दोघांचं एकमेकांशी बोलणं अस्सल मराठी. हिंदी फक्त त्या पोरीसाठी काढलेली. का, तर कॉम्प्लेक्समध्ये खाली खेळायला गेल्यावर तिची अडचण होऊ नये म्हणून.

दोन भाषांनी मुलाची अडचण होत नाही, हे आता जगभर पाहून झालं आहे. एके काळी शिकलेले लोकही म्हणत की दोन भाषांनी मुलाचा मेंदू गोंधळतो. त्या जुन्या परीक्षांमध्ये गरीब स्थलांतरितांच्या मुलांची अक्कल त्यांना धड न येणाऱ्या भाषेत मोजली जात असे, मग निकाल वेगळा काय लागणार? 1962 साली माँट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी सारख्या घरांतली दहा वर्षांची मुलं घेतली, दोन्ही भाषा खरोखर येणारी मुलं निवडली, आणि ती कुठे मागे पडलेली दिसली नाहीत, उलट पुढेच होती. म्हणून दोन भाषांनी मूल हुशार होतं असं मी सांगत फिरणार नाही. पुढच्या संशोधनात त्याबद्दल एकमत नाही, आणि हुशारीचं आमिष दाखवून भाषा विकायची गरजही नाही. गोंधळ होत नाही, एवढं आपल्या कामाला पुरे.

मूल भाषांची सरमिसळ करतं, त्याने घाबरू नका. ‘मम्मा, मला भूक लगी’ म्हणणारं मूल जवळचा शब्द उचलतं, एवढंच. कोणाशी काय बोलायचं हे त्याला दोन वर्षांचं असतानाच कळू लागतं. आजीशी एक आणि खालच्या मित्राशी दुसरी भाषा बोलणारी चिमुरडी तुम्ही पाहिली असतीलच. प्रत्येक भाषेतले शब्द सुरुवातीला थोडे कमी वाटतील, पण दोन्हीकडचे एकत्र मोजले तर बेरीज जमते.

मात्र भाषा माणसाकडून यावी लागते. 2003 साली अमेरिकेत सिएटलला पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर माणूस बसून खेळत, पुस्तक दाखवत बोलला. काहींना तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. माणसासमोर बसलेल्या बाळांचा कान चिनी ध्वनींना तयार झाला, पडद्यासमोरची होती तिथेच राहिली. घास भरवताना मोबाईलवर इंग्रजी बडबडगीतं लावून ‘तो आपोआप शिकतोय’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलं ते याहून कडक आहे: वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर तासभर.

आणखी एक गोष्ट, कारण तिच्यापायी घरांतली भाषा तोडली जाते. मूल उशिरा बोलायला लागलं की कोणीतरी सल्ला देतं, ‘दोन भाषा आहेत ना घरात, एक बंद करा.’ दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही. दीड वर्षापर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’, ‘बाबा आला’ असे दोन शब्द जोडता येत नाहीत, हाक मारल्यावर मान वळत नाही, असं असेल तर भाषा बंद करू नका, कान तपासा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक येतं, त्यांना स्पष्ट सांगा. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाणी आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. दादरला गाडी बदलून वांद्र्याला उतरायचं. एक दिवस रजा पडेल, पडू द्या. तपासणी झाल्यावरही घरची भाषा कशी चालू ठेवायची, हे तिथे विचारून घ्या.

भाषा घरातून जाते कशी, हे पाहायला लांब जायला नको. बदलापूरहून कल्याणकडे निघालं की अंबरनाथनंतर उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळजवळ लाखभर माणसांना त्या बराकींत जागा मिळाली आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते गावाचं नवं नाव ठरलं. आजही आपण ‘कॅम्प चार’, ‘कॅम्प पाच’ म्हणतो ते त्या छावणीचंच बोलणं. ती माणसं सगळं मागे टाकून आली होती. पण भाषा तोंडात होती. त्यांनी सिंधी शाळा काढल्या, सिंधी वर्तमानपत्रं चालवली, लिपी अरबी वळणाची ठेवायची की देवनागरी यावर वर्षानुवर्षं भांडले, आणि 10 एप्रिल 1967 रोजी सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली. दिल्लीपर्यंतची लढाई जिंकली.

पण बाजार हिंदीत, कॉलेज इंग्रजीत, आणि मुलांना ‘रेफ्युजी’ म्हणून कोणी चिडवू नये ही धास्ती. हळूहळू घरातली आई मुलाशी हिंदीत बोलू लागली. सिंधी शाळांचे वर्ग रिकामे होत गेले. आज कॅम्पातल्या कपड्याच्या दुकानात बसा. गल्ल्यावरचे आजोबा फोनवर सिंधीत बोलतात, मुलगा सिंधी समजून हिंदीत उत्तर देतो, नातवाला आजोबा काय म्हणाले ते विचारावं लागतं. 1994 साली केंद्राने सिंधीच्या संवर्धनासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन केली. परिषद पुस्तकं छापू शकते, पारितोषिकं देऊ शकते. नातवाला भाकरी वाढताना सिंधीत रागावणं परिषदेला कसं जमणार?

मी त्या लोकांना नावं ठेवत नाही. उपाशी पोटी नव्या मुलखात उभ्या राहिलेल्या माणसांनी जे सुचलं ते केलं. आपल्यावर तशी वेळ आलेली नाही, तरीही आपण तेच करतो आहोत, हे मला बोचतं.

याच्या उलटही उदाहरण आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग मराठी माणसं तंजावरला गेली. तिथलं भोसल्यांचं राज्य 1855 साली संपलं. शाळा तमिळ, बाजार तमिळ, लिहिणं-वाचणंही बहुतेकांचं तमिळच. तरी त्या घरांत मराठी राहिली, तिकडच्या वळणाची, आपल्या कानाला जुनी वाटणारी, पण मराठी. शाळेत मराठीचा तास नसताना राहिली, कारण स्वयंपाकघरात ती बोलायचीच असा नेम होता. आता चेन्नई-बंगळूरच्या फ्लॅटांत तिथेही ती पातळ होते आहे. तरी तीनशे वर्षं काढली. आपल्याकडे एक नर्सरी प्रवेश पुरतो!

आता थोडं राजकारणाचं. 2025 साली पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्यावरून राज्यभर केवढा धुरळा उडाला. 16 एप्रिलचा शासन निर्णय आला, 17 जूनचा आला, आणि 29 जूनला दोन्ही मागे घेतले गेले. त्या अडीच महिन्यांत नाक्यावरच्या रिक्षावाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळे भाषेवर बोलले. तो वाद रास्त होता. पण शाळेत सहा वर्षांच्या मुलाला कोणती भाषा यावी यावर तावातावाने बोलणारे आपण, घरात दोन वर्षांच्या मुलाशी कोणत्या भाषेत बोलतो, हे त्या अडीच महिन्यांत कोणी कोणाला विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

वाड्यांवरच्या मुलांची गोष्ट वेगळी आहे आणि जास्त तातडीची. आपल्या आसपास कातकरी आणि ठाकूर कुटुंबं आहेत. त्यांची मुलं घरी आपापल्या बोलीत तोंडाची टकळी चालवतात आणि अंगणवाडीच्या उंबऱ्यात मुकी होतात. ‘हुशार नाही’ असा शेरा पडतो. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर जातात, मूलही जातं, पावसाळ्याच्या तोंडाला परत येतं तेव्हा शिकलेली चार मराठी वाक्यंही गेलेली असतात. त्याला हुशारी नाही असं नव्हे, त्याचं कोणी ऐकलेलं नाही. याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. ताराबाई स्वतः मराठी, पण भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी गुजराती मुलांत काम केलेलं. मुलाच्या भाषेत शिरल्याशिवाय मूल हाती लागत नाही, हे त्यांना तिथेच उमगलं असावं.

अंगणवाडीच्या ताईंना म्हणून हात जोडून सांगणं आहे. वाडीवरची एखादी आजी आठवड्यातून एकदा अर्धा तास वर्गात बसू द्या. तिने तिच्या बोलीत गोष्ट सांगावी, तुम्ही तीच नंतर मराठीत सांगावी. आणि पोर ‘गारी आली’, ‘पानी दे’ म्हणालं तर आधी गाडी बघा, पाणी द्या. ‘हो, गाडी आली’ एवढं म्हटलं की पुरे, काम झालं. सगळ्यांदेखत हटकलं की पोर उद्यापासून गाडी दाखवणारच नाही. शिक्षण हक्क कायदाही शक्य तितकं मातृभाषेत शिकवा म्हणतो, 2020 चं राष्ट्रीय धोरण किमान पाचवीपर्यंत तेच सांगतं. कागद आपल्या बाजूचे आहेत, कोणी हरकत घेतली तर दाखवा.

नव्या इमारतींतल्या मराठी मंडळींना एक वेगळी तक्रार ऐकवते. बदलापूरची लोकसंख्या 2001 साली लाखाच्या आत होती, 2011 च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात गेली, आणि त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते आपण खिडकीतून पाहतोच. चामटोलीच्या बाजूलाही प्लॉट पडले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसं आली. त्यांची मुलं खाली खेळतात. आपण त्यांच्याशी बोलायला जातो तेव्हा तोंडातून पहिलं वाक्य हिंदी निघतं. वॉचमनचा पोरगा, जो रोज दहा मराठी घरांसमोरून जातो, त्याच्याशी मराठीत बोलणारं एकही माणूस नसतं, आणि मग आपणच सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हणतो, ‘यांना मराठी येत नाही.’ कशी येणार? 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे. त्या पोराला शाळेत मराठीचं पुस्तक मिळेल, पण बोलायला कोणी मिळालं नाही तर ते पुस्तक त्याला गणितापेक्षा परकं वाटेल. त्याच्याशी मराठीत बोला, हसून बोला, हळू बोला, दोनदा बोला. तो महिन्याभरात उत्तर देऊ लागतो, पोरं असतातच तशी.

आणि त्याच्या आईला सांगा, घरात भोजपुरी सोडू नकोस. ती आपल्या मुलाशी मोडकी मराठी बोलायला लागली तर आपल्याला आनंद होण्याचं कारण नाही. तिची भोजपुरी घरात आणि आपली मराठी अंगणात, असं त्या पोराला मिळालं की तो दोन्हीकडे पुरता. आपल्या नातवंडांचं गणितही तेच आहे: घरात मराठी, शाळेत इंग्रजी, आणि कोणत्याही बाजूला चिंध्या नाहीत.

वेळ कुठे आहे, हा प्रश्न मला रास्त वाटतो. पहाटेची बदलापूर लोकल, सीएसएमटीपर्यंत 68 किलोमीटर, परत यायला रात्रीचे आठ-नऊ. मूल दिवसभर आजीकडे नाहीतर पाळणाघरात. तुमच्या वाट्याला आंघोळ, जेवण आणि झोप एवढंच येतं. तेवढं पुरतं, पण त्या वेळात मोबाईल तोंडासमोर नको. आंघोळ घालताना बोला, भात कालवताना बोला, अंथरूण घालताना दिवसभराचं सांगा: गाडीत आज कोणाशी भांडण झालं, अंबरनाथला कोण चढलं, भजी किती महाग झाली. मुलाला गोष्ट म्हणून राजाच हवा असं नसतं. पाळणाघर निवडताना फी आणि पंखा बघता, तशी मावशी मुलांशी बोलते की टीव्ही लावून देते, तेही बघा.

आईबाबांच्या भाषा वेगळ्या असतील तर आणखी सोपं. ज्याची त्याने बोलावी. 1913 साली ज्यूल रोंझा नावाच्या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने आपला मुलगा लुई कसा वाढला ते पुस्तकात लिहिलं: बाप फ्रेंच, आई जर्मन, ज्याने त्याने आपलीच भाषा बोलायची. पोरगा दोन्ही भाषा स्वच्छ बोलू लागला. आपल्याकडे कन्नड सून आणि मराठी सासू असलेल्या घरांत हा नियम पुस्तक न वाचताच पाळला जातो. फक्त जी भाषा एकाच माणसाकडून येते, तिला जास्त वेळ द्यावा लागतो, आणि सासूबाईंनी ‘काय ते अंडुगुंडू’ म्हणून नाक मुरडणं बंद करावं लागतं.

पुस्तकं लागतील. बदलापुरात ग्रंथसखा वाचनालय आहे, मुलाला घेऊन एकदा तरी तिथे जा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठीसह कितीतरी भाषांतली चित्रांची पुस्तकं फुकट मिळतात. मोबाईल वापरायचाच तर यासाठी वापरा, पण वाचून तुम्ही दाखवा.

27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस आपल्या या भागात पुराच्या पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी. चामटोलीचं नाव त्या दिवशी टीव्हीवर आलं. आसपासचे गावकरी आदेशाची वाट न बघता मदतीला धावले होते. तेवढीच घाई मला आता हवी आहे, म्हणून ठरवलं आहे ते सांगते.

येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता गावातल्या देवळाच्या ओट्यावर आम्ही चार-पाच जणी बसणार आहोत. सहा वर्षांच्या आतली मुलं घेऊन या. ज्या आजीआजोबांना गोष्ट, गाणं, कोडं, काहीही येतं, त्यांनी ते आपल्या बोलीत सांगायचं: आगरीत, ठाकरीत, कातकरीत, घाटावरच्या मराठीत, हिंदीत, तेलुगूत, ज्याची असेल त्या भाषेत. भाषांतर मुलंच करतील, त्यांना त्यात मोठी मजा वाटते. इमारतींतल्या मंडळींनी आपल्या आवारात दुसरा दिवस ठरवून असंच करावं, आम्ही यायला तयार आहोत. वीटभट्टीवरून परतलेल्या कुटुंबांना हे पत्र वाचता येणार नाही, तेव्हा त्यांच्यापर्यंत कोणीतरी चालत जाऊन सांगावं लागेल. कोण जाणार ते रविवारीच ठरवू. पाऊस आला तर शाळेच्या व्हरांड्यात. सतरंज्या आहेत, पाणी आपापलं आणा.

आपली,
चामटोलीतील एक निवृत्त शिक्षिका